अठरा दिवसांचं वर्ष

आमची थोरली १९ जून २०१८ची. गुजरातेत २०२३-२४पासून नियम असा, की पहिलीत घालायचं तर १ जूनला मुलाला सहा वर्षं पूर्ण हवीत. २०२४च्या जूनमध्ये ती अठरा दिवसांनी कमी पडली. सिनियर केजी करून झालं होतं. आता पुन्हा तोच मजला, त्याच भिंतींवरची तीच चित्रं, फक्त वर्गाचं नाव बालवाटिका आणि फी ३८,००० रुपये. शाळेच्या ऑफिसातल्या बाई स्वभावानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, "एक वर्ष जास्त मिळतंय, पाया पक्का होईल." घरी येताना स्कूटरवर मागून थोरलीनं विचारलं, "मी नापास झाले का?"

त्या रात्री ठरलं, हे वर्ष ती घरी राहील. हे ठरवायला दहा मिनिटं लागली. घरी राहून करायचं काय, हे ठरवायला ऑक्टोबर उजाडला.

आधी घराचा नकाशा सांगते, कारण शेवटी निवड त्यानंच केली. बडोद्यात कारेलीबागेत आमचं जुनं एकमजली घर. वर सासू-सासरे, खाली आम्ही चौघं. धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा. नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), सकाळी साडेसातला जातो तो संध्याकाळी सातला उगवतो. मी घरून तीन दुकानांचे हिशेब आणि जीएसटी बघते, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मी माणसांत नसते. सासरे कलाभवनच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. (कलाभवन म्हणजे सयाजीरावांनी १८९० साली काढलेली तंत्रशिक्षणाची शाळा. आता ती युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, पण बडोद्यात रिक्षावाल्यालाही कलाभवनच सांगावं लागतं.) सासूबाईंचं दांडिया बाजारात भजनी मंडळ आणि रांगोळीत कुणाला न ऐकणारा हात.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खरेदी. ओळखीतलं एक कुटुंब अमेरिकेहून परत आलं होतं. त्यांच्याकडे तिथल्या घरी शिकवणाऱ्या आयांसाठी केलेला अख्ख्या वर्षाचा संच पडून होता: छत्तीस आठवडे, छत्तीस पाकिटं, वर आईसाठी जाडजूड मार्गदर्शक वही. मी तो ९,००० रुपयांना घेतला. पेटी उघडली तेव्हा घरात दिवाळी. आठवड्याला एक विषय, एक अक्षर, एक गोष्ट, चार-पाच हस्तकृती. पहिल्या आठवड्यात सफरचंद. तीन जातींची सफरचंदं कापायची, चव घ्यायची, कुणाला कुठलं आवडलं याचा तक्ता करायचा. आम्ही तिघं खंडेराव मार्केटात गेलो. महिना जून. सफरचंदं होती, शीतगृहातली, एकाच जातीची, आणि त्यांच्या शेजारी टोपल्याच्या टोपल्या जांभळं. थोरलीनं जांभळं मागितली. घरी येईपर्यंत दोघांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या आणि सफरचंदाचा आठवडा मार्केटातच राहिला होता.

मग नाण्यांचं पाकीट आलं. त्यात प्लास्टिकची एक, पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी. आमच्याकडे पंचवीसचं नाणं म्हणजे चार आणे, ते २०११ साली चलनातूनच गेलं. पोरीला दुकानात दिसतात ती एक, दोन, पाच, दहा, वीसची. पंचवीसच्या पटीत मोजायला शिकवलं तर ते तिनं वापरायचं कुठे? अक्षरांचं तसंच. एका अक्षराला एक आठवडा हे गणित सव्वीस अक्षरांत बसतं. मराठीत क ला एक आठवडा दिला तर का, कि, की, कु कुठल्या आठवड्यात घालायचे? पाकिटातली इंचाची पट्टी मात्र बाबांना (म्हणजे सासऱ्यांना, मुलांचे ते आबा) आवडली. ते ती घेऊन वर गेले.

संच वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. उद्याचं पान आज रात्री वाचायचं, सामान तबकात काढून ठेवायचं, मुलाला एकाच वेळी एकच गोष्ट सांगायची, हे मी त्या वहीतूनच शिकले. फक्त त्यातला ऑक्टोबर भोपळ्याचा होता आणि जानेवारी बर्फाचा.

दुसरा प्रयोग महिन्याला घरी येणाऱ्या खोक्यांचा, इथल्याच एका कंपनीचा. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. सगळं आयतं कापलेलं, भोकं पाडलेली, चिकटपट्टी मागे लावलेली. थोरलीनं वीस मिनिटांत पवनचक्की उभी केली आणि एकविसाव्या मिनिटाला विचारलं, "आता?" बाबांनी ती पवनचक्की हातात घेऊन फिरवून बघितली. म्हणाले, "छान आहे. पण काम तर कारखान्यानंच करून पाठवलंय."

इथे माझा धंदा आडवा आला. हिशेबाच्या माणसाला दोन रकान्यांशिवाय झोप येत नाही. मी एक वही केली. डावीकडे माझी तयारीची मिनिटं, उजवीकडे मूल त्यात रमलं ती मिनिटं. पहिल्याच आठवड्यातल्या नोंदी अजून आहेत. फुलपाखराचं जीवनचक्र: तयारी ५५, कारण बारा चित्रं छापून कापून लॅमिनेट केली, रमली ७. कापसाचा हिममानव: तयारी ३०, रमली ११, धाकट्यानं कापूस खाल्ला. कणीक मळणं: तयारी २, दोघं मिळून ४०. पवनचक्की: तयारी शून्य, रमली २०, पुन्हा हात लावला नाही. महिन्याअखेर बेरीज मारली तर मी दोन मिनिटं खपले की मूल एक मिनिट रमत होतं. अशा दुकानाचं खातं माझ्याकडे आलं असतं तर मी मालकाला शटर ओढायला सांगितलं असतं.

समोरच्या काकू नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बोलण्यात गिजुभाई आणि ताराबाई सासर-माहेरच्या माणसांसारखे येतात. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला, दक्षिणामूर्ती संस्थेत, बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या बरोबरीनं राबल्या आणि पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, सोबतीला अनुताई वाघ. माँटेसरीबाईंची साधनं युरोपातून यायची, महाग पडायची. बोर्डी-कोसबाडला त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, गारगोट्या आल्या. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात न्या, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. हे सगळं मला काकूंनी एका दुपारी चहाच्या दोन कपांत सांगितलं आणि माझी रकान्यांची वही बघून म्हणाल्या, "आता सगळं मिट. सात दिवस काही शिकवू नकोस. नुसती बघ. काय शिकतायत ते नको लिहू, कुठे थांबतायत ते लिही."

सात दिवस मी नुसती बघितली. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. तोंडाशी येतं, "अगं, असं नाही." थोरली आजीशेजारी बसून मेथी निवडत पस्तीस मिनिटं. दारातल्या चपला जोडीजोडीनं लावत पंधरा. कडधान्यांच्या मिसळलेल्या डब्यातून चवळी वेगळी काढत, कुणी न सांगता, पन्नास. धाकटा डब्यांची झाकणं: हे याला बसतं का, ते त्याला बसतं का, रोज, न कंटाळता. मोरीत तांब्यानं बादलीत आणि बादलीतून तांब्यात पाणी. सात दिवसांच्या नोंदींमध्ये गोंद एकदाही नव्हता. दोघंही थांबत होती ती जिथे काहीतरी ओततं, बसतं, जुळतं किंवा वेगळं होतं तिथे. आणि मी मात्र दोन महिने त्यांना कापायला-चिकटवायला बसवत होते.

ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीला पाऊस लागला तो थांबेना.  विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली आणि आमच्या गल्लीत पाणी शिरलं. आम्ही जमेल ते घेऊन वर चढलो. वीज गेली. मोबाइलवर रस्त्यात आलेल्या मगरींचे व्हिडिओ फिरत होते, त्यामुळे मुलं गॅलरीतून मगर शोधत होती. मगर दिसली नाही, कुणाची तरी गादी तरंगत गेली.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी नीट लिहून ठेवली आहे. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या. पाणी तिसरीपर्यंत आलं. थोरलीनं आजीच्या रांगोळीच्या डब्यातला खडू घेतला आणि भिंतीवर पाण्याच्या काठाला रेघ मारली. तासाभरानं परत गेली, रेघ पाण्याखाली. दुसरी रेघ. बाबांनी ती इंचाची पट्टी आणून दिली, म्हणाले, "मधलं अंतर मोज." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीवर नऊ रेघा होत्या, चार चढणाऱ्या आणि पाच उतरणाऱ्या, आणि प्रत्येकीपुढे तिच्या हातचा आकडा, त्यातला सहा उलटा. ती वर येऊन बातम्या देत होती: "दोन इंच उतरलं. आता हळू उतरतंय. मघाशी पटकन उतरत होतं." बाबा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. त्या रेघा दिवाळीच्या रंगकामात पुसायला मी विरोध केला, पण रंगारी माझं ऐकेल असं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर खाली आलो तर छत्तीस पाकिटांचा एकच लगदा. खोक्यांतला पुठ्ठा बोटानं तुटत होता. नवरा अजून सगळ्यांना सांगतो की अभ्यासक्रम नदीनं निवडला. तसं नाही. वहीतली बेरीज त्याआधीच झाली होती. नदीनं फक्त ९,००० रुपयांचा मोह सोडवला.

सप्टेंबरात नव्यानं मांडणी केली आणि यावेळी प्रश्न उलटा विचारला. मुलांना काय आवडेल हे कळलं होतं. घरातल्या मोठ्यांना काय झेपेल? ११ तारखेला मी संगणकासमोर असताना काय आपोआप चालेल? साडेतीन आणि सहा, दोघांना एकाच फळीवरचं सामान पुरेल का?

स्टायनर-वॉल्डॉर्फ पद्धतीचा मी महिनाभर अभ्यास केला. मेण, लोकर, गोष्टी, ऋतू, फार सुंदर. पण वाचन-लेखन सातव्या वर्षापर्यंत मागे ठेवायचं, आणि आम्हाला तर पुढच्या जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. शिवाय बडोद्याच्या मे महिन्यात लोकर. ते सोडलं.

सरकारी सामान फुकट आहे आणि ते बघायचं आधी सुचलंच नाही, याची लाज वाटते. ३ ते ८ वयाच्या पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२मध्ये आला. तीनशेच्या वर पानं आहेत, नेटवरून उतरवता येतो. त्यातली सगळी पानं वाचू नयेत. शिक्षण-निष्पत्तींचे तक्ते घ्यावेत. मी तेवढे छापले आणि कपाटाच्या आतल्या बाजूला लावले. त्यावर महिन्यातून एकदा पेन्सिलीनं खूण. सहा वर्षांच्या मुलाला काय काय यायला हवं, ही माझी भीती त्या चार पानांनी अर्धी केली, कारण निम्म्याहून जास्त तिला येतच होतं. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये. कायद्याचंही बघितलं. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. पुढे कुणाला लांब पल्ल्यानं घरी शिकवायचं असेल तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे तीन स्तर आहेत. आम्हाला एकाच वर्षाचा प्रश्न होता, म्हणून खोलात गेले नाही.

राहिली माँटेसरी. तिला माझ्या भाषेत एक गुण आहे: भांडवली खर्च एकदाच, रोजचा महसुली खर्च जवळजवळ शून्य. साधन एकदा केलं की तयारीचा रकाना रिकामा. चूक झाली तर साधनच सांगतं, त्यासाठी आईला शेजारी उभं राहावं लागत नाही. पण पूर्ण संचाचं दरपत्रक बघून परत शाळेची फी आठवली. मग पाचच गोष्टी निवडल्या: ठोकळ्यांचा मनोरा, लांबीच्या काठ्या, दट्ट्यांच्या (भोकांत बसणाऱ्या लाकडी दंडगोलांच्या) चारपैकी दोन पट्ट्या, खरखरीत अक्षरं आणि दशकाच्या मण्यांच्या माळा.

मनोरा बाबांनी केला. दहा ठोकळे, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. ऐकायला सोपं. दहाचा ठोकळा एका लाकडात मिळेना, म्हणून सागाच्या फळ्या एकमेकींना चिकटवून, शिकंजात दोन दिवस आवळून, मग रंधा. करवत मध्ये जाडी खाते, ती धरून खूण करायची. प्रत्येक बाजूला गुण्या लावून बघायचं. बाबा पंधरा दिवस गच्चीवर होते आणि इतके खूष मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. मनोऱ्याला गुलाबी रंग द्यायचा असतो, असं मी भीत भीत सांगितलं. "सागाला गुलाबी? त्यापेक्षा मला घराबाहेर काढ."

मनोऱ्यात एक गंमत आहे. ठोकळे मधोमध न ठेवता एका कोपऱ्याला जुळवून रचले, तर प्रत्येक पायरीवर बरोबर एक सेंटिमीटरची कड उरते आणि सगळ्यात धाकटा ठोकळा त्या कडेवर नेमका बसतो. थोरली तो एकचा ठोकळा बोटानं ढकलत एकेक पायरी वर चालवत होती. सातच्या कडेवर तो बाहेर डोकावला. तिनं मागे घेतला, परत ढकलला, बोट फिरवलं. "आबा, इथे अडत नाही, बाहेर येतं." बाबा हसले. मग हसू थांबलं. ते व्हर्निअर घेऊन आले. सातचा ठोकळा ६८.५ मिलिमीटर भरला. बराच वेळ त्यांनी तो नुसता हातात धरला. "बत्तीस वर्षं नोकरी केली," म्हणाले, "पोरीनं इन्स्पेक्शनमध्ये पकडलं." त्याच रात्री गच्चीवर दिवा लागला आणि सकाळी नवा सात तयार. जुना सात आता मोरीचं दार अडवायला आहे.

ही साधनं मुलापुढे मांडण्याची एक रीत असते आणि तिथे मी सपशेल आपटले. मी बोलत होते. "हा बघ मोठ्ठा ठोकळा, हा कुठे ठेवू या बरं? शाब्बास!" काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. आत आल्या, माझ्या जागी बसल्या आणि एक अक्षर न बोलता, दोन्ही हातांनी, दहाचा ठोकळा चटईवर ठेवला. मग नऊचा. सावकाश, जणू वाटीत तेल ओततायत. धाकटा, जो दोन मिनिटं एका जागी बसत नाही, तोंड उघडं टाकून बघत राहिला. जाताना काकू मला म्हणाल्या, "तोंड बंद, हात चालू." ते मी फ्रिजवर लिहून लावलंय.

दट्ट्यांच्या पट्ट्या हाताच्या करवतीचं काम नाही, त्याला लेथ हवं. संखेड्याचं लाखेचं लाकूडकाम करणारे खरादी त्याचे राजे. ओळखीनं एका खरादीकडे मापं घेऊन गेले: दहा दट्टे, प्रत्येकाला वर पकडायला बोंडी, प्रत्येकाचं भोक वेगळं. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बेन, आना करतां घोडियुं करावो ने." पाळणा करून घ्या म्हणे. माझा चेहरा बघून केले बिचाऱ्यांनी, आणि न सांगता बोंड्यांना लाल-सोनेरी लाख दिली. घरात सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच.

अक्षरांवर आमचा पंधरवडा गेला. बाजारात खरखरीत देवनागरी अक्षरांचे तयार संच मिळतात, पण ते हिंदीचे. ल आणि श वेगळे, आणि ळ नाहीच. ळ नसेल तर खेळ, फळा, बाळ, शाळा, सगळंच गेलं. म्हणून सासूबाईंनी १२० नंबरचा पॉलिश पेपर आणून स्वतः अक्षरं कापली. रांगोळीचा हात. वळण असं, की बोट फिरवताना कुठे अडखळत नाही. क्रम त्यांच्या लहानपणीचाच, ग म भ न. मला वाटायचं ही जुनी सवय आहे. पण ग काढता येणाऱ्या हाताला म फार लांब नसतो, आणि ही चार अक्षरं झाली की लगेच शब्द होतात: मन, नग, मग, गगन. अ आ इ ई पासून सुरू केलं तर पहिला आठवडा संपला तरी पोरीच्या हाती वाचायला काही लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास थोरली दांडिया बाजारातल्या मराठी पाट्या वाचायला लागली. गुजराती पाट्याही वाचते, डोक्यावरची रेघ पुसलेलं मराठी समजून, आणि निम्मं बरोबर येतं.

घटस्थापनेपर्यंत गाडी रुळावर आली. सकाळी नऊ ते अकरा फळीवरचं सामान, ज्याला जे हवं ते, पण चटईवर आणि परत जागेवर. मग आजीच्या हाताखाली स्वयंपाकघर. दुपारी मी कामाला, मुलं वर. पाचनंतर गल्लीतली पोरं शाळेतून आली की खेळ. सकाळी दहा वाजता खेळायला कुणी नसतं ही या वर्षाची मोठी उणीव, आणि ती कुठल्याच अभ्यासक्रमात भरून निघत नाही. वर शेजारणी: "बेन, छोकरीने निशाळे नथी मूकवी?" मुलीला शाळेत नाही घालायचं का, म्हणे. सुरुवातीला मी १ जूनचा नियम समजावून सांगायचे. मग नुसती हसायला लागले.

त्या संचातल्या ऋतूंच्या जागी आमचे ऋतू बसवले, ते मात्र फार सोपं गेलं. ऑक्टोबरात भोपळ्याऐवजी भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, आणि खिरापत ओळखायची: गोड की तिखट, कोरडी की ओली, भाजलेली की तळलेली. हे वर्गीकरणाचं काम मी कुठल्याही वर्कशीटवर इतकं जीव तोडून होताना पाहिलं नाही. रात्री त्याच पोरी गरब्याला. ठिपक्यांची रांगोळी पाच ते पाचपासून सुरू झाली, आता नऊ ते नऊ येते. उत्तरायणाआधी आठवडाभर फिरकीला दोरा गुंडाळणं आणि फाटक्या पतंगांना पट्ट्या लावणं (बघा, गोंद आला शेवटी, पण पतंग उडायला हवा म्हणून). पानगळ आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये केली, कारण कमाटीबागेतले कडुलिंब आणि पिंपळ तेव्हाच पानं टाकतात. त्याच बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. थोरलीनं तो डोक्यापासून शेपटीपर्यंत पावलांनी मोजला, ५८ भरला. घरी येऊन मीटरच्या काठ्या गल्लीत एकापुढे एक मांडल्या तेव्हा देवमासा आमच्या फाटकापासून काकूंच्या घराच्याही पुढे गेला. दोघं मग त्याच्या पोटात बसून शेंगदाणे खात होती.

फसलेलंही सांगते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची मॉडेलं थोरलीनं झपाटल्यासारखी केली. त्रिकोण दाबला जात नाही, चौकोन कलंडतो, हे तिला बोटांनी कळलं. पण व्हॉल्व्ह ट्यूबचा एक तुकडा धाकट्यानं नाकात घातला आणि ११ तारखेला, नेमकं ११ तारखेला, आम्ही नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे होतो. तेव्हापासून बारीक तुकडे आणि सुटे मणी वरच्या कपाटात, आणि ते फक्त आबा घरात असताना. ज्यांच्या घरी दोन वयांची मुलं आहेत त्यांनी संच निवडण्याआधी त्यातली सगळ्यात लहान वस्तू केवढी आहे ते बघावं. मण्यांच्या माळांचंही पूर्ण जमलं नाही. सासूबाईंनी दहा-दहाच्या शंभर माळा ओवल्या, शंभराचे चौरस बांधले, पण हजाराचा घन उभा राहीना, सारखा घसरायचा. शेवटी तो खोक्यात भरून ठेवला आणि खोक्यावर १००० लिहिलं.

मार्चअखेर मी हिशेब केला, तो माझा हंगामच असतो. परदेशी संच ९,०००, तो पाण्यात, शब्दशः. महिन्याची खोकी ४,२००. सागाचे तुकडे, पॉलिश पेपर, मणी आणि खरादीचं काम मिळून ६,८५०. बाबांच्या मजुरीचा आकडा त्यांनी सांगितला तो इथे लिहिण्यासारखा नाही. वहीतला डावा रकाना फेब्रुवारीत सरासरी दिवसाला बारा मिनिटांवर आला होता, उजवा पावणेदोन तासांवर.

जून २०२५मध्ये थोरली पहिलीत गेली, दुसऱ्या शाळेत. तिथे पहिल्या आठवड्यात तिनं बाईंना विचारलं की चटई कुठे मिळेल. धाकट्याला सकाळची तीन तासांची बालवाडी लावली आहे. दुपारी आला की तो फळीसमोर ठाण मांडतो. सध्या अक्षरं चालू आहेत आणि पेटीत ळ नाहीये. त्याचं म्हणणं, त्यानं तो जपून ठेवलाय, पण कुठे ते आठवत नाही. आजी दुसरा कापायला तयार आहेत. थोरली म्हणते नको, आधी कपाटाखाली बघू या. काल रात्री नवऱ्यानं कपाट सरकवलं. खाली एक चवळी, सेंटची दोन नाणी आणि मोरीच्या दारातून गायब झालेला सातचा ठोकळा निघाला. ळ अजून सापडलेला नाही.